कोरियन व्यवस्थापकांच्या ग्रीन कार्ड अर्जात या चुका टाळा

कोरियन कंपन्यांच्या अमेरिकेतील शाखांमधल्या वरिष्ठांचे ईबी-१सी (बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठीच्या ग्रीन कार्ड प्रवर्गातील) अर्ज तयार करणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्यांतील बहुतेक अडचणी हुद्द्यालाच पुरावा मानल्यामुळे उद्भवतात. ग्वाजांग (विभागप्रमुख), चाजांग (उपप्रमुख), बुजांग (खातेप्रमुख) ही पदे कोरियात अनेकदा सेवेच्या वर्षांनुसार मिळतात. बुजांगच्या हाताखाली कोणीच नाही, असेही असू शकते. आय-१४० (कंपनीने कर्मचाऱ्यासाठी भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज) तपासणारा अधिकारी मात्र हाताखाली कोण आहे, त्यांना नेमण्याचा वा काढण्याचा अधिकार कोणाला आहे आणि दिवसातील किती वेळ व्यवस्थापनात जातो, हे पाहतो.

अलाबामातील सुट्या भागांच्या एका कारखान्याने आपल्या बुजांगचे पद ‘जनरल मॅनेजर’ असे लिहून पाठवले. सोबतच्या रचनेच्या तक्त्यात त्यांच्या चौकटीखाली थेट यंत्रचालक आणि पॅकिंगचे कामगार होते. हे तर पहिल्या पायरीचे पर्यवेक्षक दिसतात, असे म्हणून अधिक पुरावे मागणारे पत्र आले आणि उत्तरासाठी ८४ दिवस मिळाले. वास्तविक त्यांच्यात आणि कामगारांत दोन शिफ्ट सुपरवायझर होते; तक्ता एका पानात बसावा म्हणून कोणीतरी त्या दोन चौकटी काढून टाकल्या होत्या. पुढे कित्येक रात्री सोलच्या मुख्यालयाशी बोलून पगारपत्रके, शिफ्टची वेळापत्रके आणि रजा मंजुरीचे ईमेल गोळा करावे लागले. अर्ज मंजूर झाला, पण त्या कुटुंबाने घेतलेली धास्ती मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी पदाचे नाव शेवटी विचारतो. आधी त्या व्यक्तीची मागील दोन आठवड्यांची दिनदर्शिका समोर ठेवून प्रत्येक कामाला किती तास लागले ते लिहून घेतो. निम्म्याहून अधिक वेळ स्वतः अहवाल तयार करण्यात जात असेल, तर थांबा असे स्पष्ट सांगतो. सहकाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अर्जातील पत्र नाव बदलून वापरण्याचा आग्रह मला मुळीच मान्य नाही.

दुसरी चूक एल-१ व्हिसा (कंपनीच्या परदेशातील शाखेतून अमेरिकेत बदली होणाऱ्यांचा व्हिसा) मिळालेल्यांची: तो मिळाला म्हणजे ईबी-१सीही मिळेल असे ते धरून चालतात. विशेष ज्ञान असलेला तंत्रज्ञ कोरियातून एल-१ व्हिसावर येऊ शकतो, परंतु ईबी-१सीसाठी परदेशातील नोकरीचे आवश्यक एक वर्षही व्यवस्थापक किंवा कार्यकारी म्हणूनच गेलेले असावे लागते.

अमेरिकेतील कंपनी किमान एक वर्ष प्रत्यक्ष व्यवसाय करत असली पाहिजे. घाई करणाऱ्यांचे अर्ज इथेच पडतात. वडिलांची कंपनी सोलमध्ये आणि मुलाची जॉर्जियात असेल, तर केवळ नात्यामुळे त्या संलग्न ठरत नाहीत. मालकी आणि नियंत्रण कागदावर दिसावे लागते. प्रत्येक कोरियन कागदासोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे. नावाचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवावे, कारण ‘ली’, ‘यी’ आणि ‘री’ हे एकच आडनाव आहे हे अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही.