कॅव्हिटीतल्या दोन अणूंचं एंटँगलमेंट: सिम्युलेशन करताना या चुका टाळा

नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कुणी कॅव्हिटीतल्या (आरशांमधल्या पोकळीतल्या) दोन अणूंचं एंटँगलमेंट, म्हणजे त्यांच्यातला क्वांटम गुंता, हा विषय घेतला, तर लॅपटॉप आणि क्यूटिप (क्वांटम सिम्युलेशनची पायथन लायब्ररी) एवढ्यावर काम सुरू करता येतं. पुढे अडतं ते बहुधा गृहीतकांपाशी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अणूचं आयुष्य तेच एंटँगलमेंटचं आयुष्य समजणं. अणूची ऊर्जा उतरत जाते, पण ठरावीक क्षणी शून्य होत नाही. एंटँगलमेंट मात्र शून्य होऊ शकतं. भौतिकशास्त्रज्ञ टिंग यू आणि जोसेफ एबर्ली यांनी हे २००४ साली मांडलं, आणि २००७ मध्ये ब्राझीलमधल्या प्रयोगात फोटॉनवर ते दिसलंही. सगळं सुरुवातीच्या स्टेटवर (क्वांटम अवस्थेवर) अवलंबून आहे. दोन्ही अणू स्वतंत्रपणे ऊर्जा गमावत असतील आणि दोघांत मिळून एकच उत्तेजित असेल, तर कॉन्करन्स (एंटँगलमेंटचं माप) हळूहळू उतरतो. ‘दोन्ही उत्तेजित’ आणि ‘दोन्ही ग्राउंड’ (किमान ऊर्जेत) यांचं सुपरपोझिशन (एकत्र मिश्र अवस्था) घेतलं आणि ‘दोन्ही उत्तेजित’ची संभाव्यता निम्म्याहून जास्त ठेवली, की तो मधेच शून्याला टेकतो. तेव्हा कोडमध्ये बग शोधण्याआधी स्टेट तपासा.

शून्य झालेला कॉन्करन्स पुन्हा वर आला, तरी घाबरू नका. कपलिंग (अणू आणि प्रकाश यांच्यातल्या देवाणघेवाणीचा जोर) कॅव्हिटीच्या गळतीपेक्षा जास्त असेल, तर फोटॉन बाहेर जाण्याआधी अणूकडे परततो. मधल्या काळात एंटँगलमेंट प्रकाशात असतं, आणि तुम्ही फील्ड (कॅव्हिटीतला प्रकाश) ट्रेस करून, म्हणजे हिशेबातून वगळून, टाकलेलं असतं! फील्डचा कॉन्करन्सही काढा, खरं चित्र तिथेच दिसेल.

दोन्ही अणू एकाच कॅव्हिटीत असतील, तर वेगवेगळ्या कॅव्हिटींचं सूत्र लावू नका. कपलिंग समान असताना अँटिसिमेट्रिक स्टेटला (अणूंची अदलाबदल केली की चिन्ह बदलणाऱ्या अवस्थेला) आरशातली गळती शिवत नाही. बाजूने होणारं उत्सर्जन तिलाही चुकत नाही. (हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या ४ किलोमीटरच्या भुजाही ऑप्टिकल कॅव्हिटीच आहेत. तिथे अणू नाहीत, पण वाया जाणारा प्रकाश क्वांटम अवस्था बिघडवतो हे तिथेही खरंच.)

मायक्रोवेव्हच्या पेपरमधला थर्मल (उष्णतेमुळे असणाऱ्या) फोटॉनचा आकडा ऑप्टिकल मॉडेलमध्ये टाकू नका. भौतिकशास्त्रज्ञ सर्ज अरोश यांच्या ५१ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह कॅव्हिटीला ०.८ केल्विनपर्यंत थंड करावं लागतं. ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला खोलीच्या तापमानातही असे फोटॉन नगण्य असतात.

शेवटी गळतीचे दर तपासा. पेपरमधला κ (कप्पा, कॅव्हिटीच्या गळतीचा दर) अनेकदा फील्डचा दर असतो, ऊर्जेचा त्याच्या दुप्पट. कोलॅप्स ऑपरेटरमध्ये (कोडमध्ये गळती दाखवणाऱ्या पदात) ऊर्जेच्या दराचं वर्गमूळ जातं. आकडा मेगाहर्ट्झमध्ये दिला असेल, तर दोन पायने गुणायचंही विसरू नका.