ट्रकच्या इंजिनातील ठोक्याचा आवाज: कारण शोधण्याची पद्धत

डिझेल इंजिन मुळातच कडक आवाजाचे असते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन फवारले जाते, क्षणभराच्या विलंबाने ते पेटते आणि सिलिंडरमधला दाब एकदम चढतो. त्यातून निघणारी खडखड चांगल्या इंजिनातही ऐकू येते. त्यामुळे ठोक्याची तक्रार आली की आधी गाडी चालवणाऱ्याला नीट विचारावे: हा आवाज नवा आहे का, हळूहळू वाढला की एकाएकी आला, थंड इंजिनात जास्त येतो की तापल्यावर, आणि तो सुरू होण्याआधी गाडीचे कोणते काम झाले होते. इंधन भरल्यानंतर लगेच सुरू झालेला ठोका आणि इंजिन एकदा गरम होऊन बंद पडल्यानंतर सुरू झालेला ठोका यांचा शोध अगदी वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो.

नुसता आवाज ऐकून निदान करण्याचा मोह टाळावा. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमधून आवाज लांबवर पसरतो, आणि पुढच्या टायमिंग गिअरमधला (वॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या दातेरी चाकांमधला) ठोका मधल्या सिलिंडरजवळही स्पष्ट ऐकू येऊ शकतो. आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने बदलतो हे पाहणे अधिक भरवशाचे आहे, आणि पुढच्या बहुतेक चाचण्या त्यासाठीच आहेत.

इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी ऑइल तपासावे. पातळी कमी असेल तर कारण कदाचित तिथेच असेल. पातळी वाढलेली असून डिझेलचा वास येत असेल, तर इंधन ऑइलमध्ये मिसळत आहे. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगमधली फिल्म, म्हणजे ऑइलचा पातळ थर, टिकवू शकत नाही. दुधाळ रंग दिसला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आत शिरले आहे असे समजावे. त्यानंतर ऑइल प्रेशरच्या सेन्सरच्या जागी यांत्रिक प्रेशर गेज जोडावा, कारण डॅशबोर्डवरील काटा किंवा दिवा एवढ्या महत्त्वाच्या निर्णयासाठी पुरेसा नसतो. गरम इंजिनाचे आयडलिंगचे (अॅक्सिलरेटर न दाबता चालतानाचे) आणि वाढवलेल्या आरपीएमचे (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचे) प्रेशर इंजिनाच्या मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडावे. प्रेशर मर्यादेच्या खाली असेल आणि जड ठोकाही येत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे, पुढच्या चालू इंजिनाच्या चाचण्या सोडून द्याव्यात आणि गाडी ओढूनच न्यावी. बेअरिंग खराब असताना थोडेसे अंतर चालवल्यानेही क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) निकामी होऊ शकते किंवा कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणारा दांडा) तुटून ब्लॉक फोडू शकतो. एकाएकी आलेला मोठा, धातूवर धातू आपटल्यासारखा ठोकाही याच प्रकारात धरावा, कारण तुटलेला वॉल्व्ह पिस्टनवर आदळत असण्याची शक्यता असते.

प्रेशर ठीक असेल तर गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून लावायचे ठोकळे) लावावेत, गिअर न्यूट्रल ठेवून पार्किंग ब्रेक लावावा आणि केबिन तिरपी केली असल्यास तिचे लॉक पक्के बसले आहे याची खात्री करावी. ऐकण्यासाठी मेकॅनिकचा स्टेथोस्कोप वापरावा. लांब स्क्रू ड्रायव्हरही चालतो, मात्र फॅन आणि पट्ट्यांपासून हात, कपडे आणि तो स्क्रू ड्रायव्हर दूर राहिले पाहिजेत.

शोध बाहेरून आत घ्यावा. क्लच पेडल दाबल्यावर आवाज गेला किंवा बदलला, तर क्लच प्लेटच्या स्प्रिंग, फ्लायव्हीलचे बोल्ट आणि गिअरबॉक्सची इनपुट शाफ्ट तपासावी. पुढच्या डँपर पुलीला (क्रँकशाफ्टचे हादरे शोषणाऱ्या पुलीला) तडा, इंजिन माउंटिंगचे फाटलेले रबर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून होणारी गळती हेही ठोक्याचा भास निर्माण करतात. गळतीच्या जागी काजळीचा पट्टा दिसतो. पट्ट्यांवर चालणाऱ्या वस्तूंसाठी पट्टा काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवून पाहावे.

एअर ब्रेकच्या कंप्रेसरकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण बऱ्याच ट्रकमध्ये तो टायमिंग गिअरवर चालतो, त्यालाही स्वतःचे क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन असतात आणि त्याचा ठोका हुबेहूब इंजिनाच्या ठोक्यासारखा येतो. ब्रेक पेडल वारंवार दाबून टाकीतला दाब उतरवावा आणि तो पुन्हा भरत असताना ऐकत राहावे. दाब पूर्ण भरला की एअर ड्रायरमधून हवा सुटल्याचा आवाज येतो आणि त्या क्षणापासून कंप्रेसर बिनलोड फिरू लागतो. ठोका नेमका त्याच क्षणी बदलला, मग तो कमी होवो वा वाढो, तर संशय कंप्रेसरवर घ्यावा. चांगले इंजिन उघडण्याचा खर्च या पाच मिनिटांच्या चाचणीने वाचतो, तरी ती वगळली जाते याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता ठोक्याची गती पाहावी. फोर स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे 600 आरपीएमला क्रँकशाफ्टचे सेकंदाला 10 फेरे होतात, तर प्रत्येक वॉल्व्ह आणि प्रत्येक इंजेक्टर (सिलिंडरमध्ये इंधन फवारणारा भाग) सेकंदाला 5 वेळा काम करतो. सेकंदाला एवढे ठोके मोजणे कानाला कठीण आहे, पण तुलना करता येते. एखाद्या इंजेक्टरवर स्टेथोस्कोप टेकवून त्याच्या लयीशी ठोका जुळवून पाहावा: एकास एक येत असेल तर टॅपेट (कॅमची हालचाल वॉल्व्हकडे नेणारा भाग), कॅम किंवा इंधनाकडे वळावे, एकास दोन येत असेल तर क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या भागांकडे.

सर्वांत जास्त माहिती देणारी चाचणी म्हणजे एकेका सिलिंडरचे इंधन तोडणे. यांत्रिक फ्यूएल पंपाच्या जुन्या इंजिनात इंजेक्टरच्या पाइपचा नट थोडा सैल करून हे करतात. डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे असावेत आणि डिझेल गरम एक्झॉस्टवर उडू देऊ नये. कॉमन रेल इंजिनात (जिथे एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरना इंधन मिळते) मात्र नट कधीही सैल करू नये. तिथला दाब 1,600 ते 2,000 बार किंवा त्याहूनही अधिक असू शकतो आणि सुईएवढी धारसुद्धा त्वचा भेदून आत शिरते. जखम क्षुल्लक दिसली तरी तिच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. अशा इंजिनात स्कॅनरमधील सिलिंडर कट-आउट चाचणीच वापरावी.

या चाचणीचा अर्थ लावताना घाई नको. एका सिलिंडरचे इंधन तोडताच ठोका पूर्ण नाहीसा झाला, तर दोष बहुधा त्या सिलिंडरच्या इंधनात किंवा ज्वलनात आहे. ठोका बोथट झाला, पण अॅक्सिलरेटर दाबून सोडताना पुन्हा डोके वर काढत असेल, तर बिग एंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकशाफ्टकडच्या टोकातल्या बेअरिंगचा) संशय घ्यावा. हा ठोका ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावर वाढतो. पिस्टन लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) आपटत असेल तर उलट घडते: थंड इंजिनात आवाज मोठा असतो आणि पिस्टन तापून फुगल्यावर कमी होतो. मेन बेअरिंगचा (ब्लॉकमध्ये क्रँकशाफ्ट धरणाऱ्या बेअरिंगचा) खोल, जड ठोका लोडवर वाढतो आणि एक सिलिंडर तोडून फारसा हलत नाही; त्या बेअरिंगच्या दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकत्र तोडल्यावर तो कमी होतो. टॅपेटची टकटक इंधन तोडल्याने सहसा बदलत नाही. तिथे मॅन्युअलनुसार फिलर गेजने (बारीक फट मोजणाऱ्या पट्टीने) क्लिअरन्स, म्हणजे ठरलेली फट, बसवावा, आणि तरीही एकाच वॉल्व्हचा आवाज राहिला तर पुश रॉड, रॉकर आणि कॅमचा झिजलेला उंचवटा तपासावा.

इंधनाचा ठोका निघाल्यास संशयित इंजेक्टर नव्या वॉशरसह शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवून पाहावा. ठोका इंजेक्टरबरोबर गेला तर नोझल गळत आहे किंवा अडकत आहे. तो जागेवरच राहिला तर त्या सिलिंडरचे काँप्रेशन पाहावे. कोड असलेल्या इंजेक्टरची अदलाबदल केल्यावर त्यांचे कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) नव्याने भरावे लागतात. सगळ्याच सिलिंडरमध्ये कडक ठोका असेल तर वेळेआधी होणारी फवारणी, इंधनात शिरलेली हवा किंवा कमी सीटेनचे (उशिरा पेट घेणारे) डिझेल ही कारणे आधी तपासावीत.

बेअरिंगचा संशय उरला असेल तर चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) खोलण्याआधी ऑइल फिल्टर कापून बघावा. त्यासाठी फिल्टर कटरच वापरावा, कारण हॅकसॉचा कीस आत पडून दिशाभूल करतो. आतल्या कागदाचा तुकडा कापून व्हाइसमध्ये दाबून ऑइल काढावे आणि घड्या उन्हात उलगडाव्यात. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे रिंग, कॅम, गिअर किंवा क्रँकशाफ्टचे असतात. न चिकटणाऱ्या कणांत पांढरट हलके कण पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे, मऊ राखाडी पापुद्रे बेअरिंगच्या वरच्या थराचे आणि तांबूस कण त्याच्या आतल्या थराचे किंवा बुशांचे असू शकतात. थोडी बारीक पूड प्रत्येक फिल्टरमध्ये असते. डोळ्यांना सहज दिसणारे पापुद्रे मात्र असू नयेत.

चेंबर काढल्यावर प्रत्येक कनेक्टिंग रॉड हाताने हलवून पाहावा: तो बाजूला किंचित सरकणे योग्य आहे, वर-खाली हललेला जाणवता कामा नये. बेअरिंगच्या कॅप एकेक करून, क्रमांक पाहून खोलाव्यात आणि शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. शेलवर तांबे उघडे पडले असेल तर जर्नलवरून (क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावरून) नख फिरवावे आणि मायक्रोमीटरने माप घ्यावे. ओरखडलेल्या किंवा अंडाकृती झालेल्या जर्नलवर नवे शेल टिकत नाहीत. निळसर पडलेले जर्नल ऑइल न मिळाल्याचे लक्षण आहे, तेव्हा ऑइल पंप, रिलीफ वॉल्व्ह, चेंबरमधील जाळी आणि क्रँकशाफ्टमधील ऑइलची छिद्रे तपासल्याशिवाय जोडणी करू नये. ऑइल कूलर धुवावा किंवा बदलावा, कारण जुने कण त्यातच अडकून राहतात. जोडणी झाल्यावर इंधन बंद ठेवून, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टरने थोडे थोडे थांबत इंजिन फिरवावे आणि त्यानंतरच ते सुरू करावे.