सातारा-सांगलीत राहून फ्रीलान्स रिक्रूटर कसं व्हायचं: नोंदणीपासून पहिल्या फीपर्यंत

ऑनलाइन हायरिंग मार्केटप्लेसवर कंपन्या रिकाम्या जागा टाकतात आणि त्यासोबत किती फी देणार तेही सांगतात. रिक्रूटर म्हणून तुम्ही योग्य माणूस शोधून त्याची माहिती पाठवायची. तो रुजू झाला आणि ठरलेले दिवस टिकला की फी तुमची. तोवर मात्र हातात काहीच पडत नाही, म्हणून आधी पैशाचा हिशेब नीट समजून घ्या.

भरतीची फी आपल्याकडे बहुतेक वेळा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी धरतात. त्यातला आपला वाटा ठेवून मार्केटप्लेस उरलेली रक्कम रिक्रूटरला देतं. समजा सीटीसी (कंपनीचा त्या माणसावरचा वर्षाचा एकूण खर्च) वर्षाला ६ लाख आहे आणि तुमचा वाटा ६० टक्के आहे. फी झाली सुमारे ५० हजार, त्यातले ३० हजार तुमचे, त्यातूनही टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) जाणार. आता दिवस मोजा. मुलाखत आणि ऑफरला तीन आठवडे, नोटिस पिरियड ६० दिवस, गॅरंटीचा काळ (माणूस टिकायलाच हवा ते दिवस) ९० दिवस, बिल पास व्हायला महिना. १ जानेवारीला पाठवलेल्या उमेदवाराचे पैसे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात येतात. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे नवीन नाही, पण घरखर्च या कामावर टाकायचा असेल तर सहा-सात महिन्यांची सोय आधी करा. चालू नोकरी सोडून सुरुवात करू नका.

नोंदणी

पॅन, आधार आणि बँक पासबुक समोर ठेवूनच फॉर्म भरा. केवायसी अडकते ती बहुतेक नावामुळे. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये असतं, आधारवर गाळलेलं असतं, बँकेत आडनाव आधी असतं. तिन्हीकडे नाव एकसारखं करून घ्या, नाहीतर पहिली फी मंजूर होऊनही खात्यात जमा होत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत होते. कामासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. नोंदणीआधीच ‘डिपॉझिट’ मागणाऱ्या साइटवर थांबू नका.

अटी वाचताना तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. गॅरंटी किती दिवसांची, आणि माणूस मध्येच सोडून गेला तर बदली द्यायची की फी परत करायची? पाठवलेला उमेदवार किती महिने तुमच्या नावावर राहतो? पैशाचे दिवस रुजू झाल्यापासून मोजतात की गॅरंटी संपल्यापासून?

जागा निवडणं

सुरुवातीला दोन, फार तर तीन जागा घ्या, त्याही तुम्हाला ज्या कामाची भाषा कळते त्यातल्या. कुपवाड, मिरज किंवा तासवडे एमआयडीसीतलं शॉप-फ्लोअर माहीत असेल तर प्रॉडक्शन आणि क्वालिटी घ्या. मिरजेच्या हॉस्पिटलांत ओळखी असतील तर नर्सिंग आणि लॅब घ्या. पुण्यातल्या आयटीच्या जागांसाठी सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी इथले माजी विद्यार्थी हा चांगला धागा आहे. दीड महिन्यापासून उघडी असलेली, ढीगभर प्रोफाइल जाऊनही एकही मुलाखत न झालेली जागा सोडून द्या. तिथे कंपनीला नक्की काय हवंय हे कंपनीलाच ठरवता आलेलं नसतं.

कामाची भाषा कळणं म्हणजे काय, ते व्हीएमसीच्या (धातू कापून भाग घडवणाऱ्या संगणकी मशीनच्या) जागेवरून पाहा. जाहिरातीत ‘व्हीएमसी ऑपरेटर, ३ वर्षं’ एवढंच असतं. बायोडेटाही तेच सांगतो. पण जॉब (घडवायचा भाग) मशीनवर लावणं-काढणं आणि मोजणं करणारा ऑपरेटर वेगळा, नवीन जॉबसाठी व्हाइस (पकड) बसवून टूल ऑफसेट आणि वर्क ऑफसेट (हत्याराची आणि जॉबची मापं मशीनला देणं) घेणारा सेटर वेगळा, आणि प्रोग्रॅम लिहिणारा आणखी वेगळा. तिघांच्या पगारात मोठा फरक असतो. फोनवर एवढंच विचारा: “नवीन जॉब आला की ऑफसेट कोण घेतं? कंट्रोलर कोणता, फानुक की सीमेन्स? पहिला पीस कोण पास करतं?” ज्याने स्वतः ऑफसेट घेतलाय तो थांबत नाही, सरळ सांगायला लागतो. “सुपरवायझर बघतात” असं उत्तर आलं तर तो ऑपरेटर आहे, त्याला सेटरच्या जागेवर पाठवू नका. कंपनीला सेटर हवा की ऑपरेटर, हेही जागा घेतल्या दिवशीच मार्केटप्लेसच्या पोर्टलवर लेखी विचारून ठेवा.

फोन

या कामाचं बरंवाईट वीस मिनिटांच्या पहिल्या फोनवर ठरतं. सध्याचा हातात पडणारा पगार विचारा आणि पगाराची स्लिप मागा, कारण सांगितलेला आकडा सीटीसी आहे की इन-हँड ते स्लिपवरूनच कळतं. नोटिस किती दिवसांची, दुसरी ऑफर हातात आहे का, नोकरी का सोडायची आहे, तेही विचारा. मग आपल्या भागात हमखास राहून जाणारे दोन प्रश्न: रोज कुठून, कशाने येणार? आणि घरी बोलणं झालंय का? कराडचा माणूस शिरवळच्या कंपनीला उत्साहाने हो म्हणतो, पण ते अंतर शंभर किलोमीटरच्या पुढचं आहे. कंपनीची बस नसेल तर खोली घ्यावी लागेल, आणि ते भाडं धरल्यावर पगारवाढ उरते का, हा हिशेब त्याच फोनवर त्याच्यासोबत करा. पुण्यातून गावाकडे परतू पाहणारे उमेदवार या भागासाठी फार मोलाचे आहेत. फक्त त्यांना कमी पगाराचा आकडा पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा.

पाठवणं

उमेदवाराच्या संमतीशिवाय बायोडेटा कुणालाही देऊ नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा हेच सांगतो आणि व्यवहारातही त्याचाच आधार असतो. फोन संपला की व्हॉट्सॲपवर लिहा: “आपल्या बोलण्याप्रमाणे या कंपनीच्या या जागेसाठी तुमचा बायोडेटा पाठवतो आहे. या जागेसाठी दुसऱ्या कुणामार्फत किंवा थेट अर्ज केलेला नाही ना? चालत असेल तर ‘हो’ कळवा.” कंपनीचं आणि जागेचं नाव त्यात नक्की घाला. हे ‘हो’ जपून ठेवा. एकाच उमेदवाराला दोघांनी पाठवलं तर सहसा आधी पाठवणाऱ्याची नोंद धरली जाते, आणि वाद झालाच तर हा मेसेज कामी येतो.

बायोडेटासोबत पाच ओळी लिहा: नेमकं काय काम करतो, पगार, अपेक्षा, नोटिस, राहण्याचं ठिकाण. एका जागेला तीन ते पाच माणसं पुरे. चाळीस बायोडेटा एकदम लोटले की कंपनी तुमचं नाव पाहून उघडायचंच सोडते, आणि मार्केटप्लेसवर घसरलेलं रेटिंग वर यायला महिने जातात.

उमेदवाराकडून एक रुपयाही घेऊ नका, ‘चहापाण्या’चाही नाही. फी कंपनी देते. नोकरीसाठी पैसे भरून फसलेली घरं प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यामुळे पहिल्याच फोनला हे स्वतःहून सांगितलं तर समोरचा माणूस मोकळेपणाने बोलतो.

ऑफरनंतर

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. राजीनामा दिला की जुनी कंपनी पगार वाढवून थांबवते. म्हणून राजीनाम्याचा मेल आणि तो स्वीकारल्याचं उत्तर दोन्ही मागून घ्या, नोटिसच्या काळात दर आठवड्याला एक फोन करा. फोन उचलणं बंद झालं तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दुसरा उमेदवार तयार ठेवा. रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी गेट, वेळ आणि कागदपत्रं पुन्हा सांगा. पुढे सातव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी विचारपूस करा. शिफ्ट, कँटीन, बस यांच्या तक्रारी तेव्हा कळल्या तर एचआरशी बोलून सुटतात. गॅरंटी संपली त्याच दिवशी पोर्टलवर बिल टाका, आणि कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा दिसतो का ते तिमाहीनंतर तपासा.