ड्युटेरियम ९१ टक्क्यांवरच अडकतं? माझा अनुभव

एन्झाइमच्या प्रयोगासाठी ॲसिटोफिनोन या सेंद्रिय संयुगाच्या मिथाइल गटातले तिन्ही हायड्रोजन काढून ड्युटेरियम (हायड्रोजनचं जड रूप) बसवायचं होतं. जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी) पोटॅशियम कार्बोनेट हा बेस घालून रात्रभर तापवलं, तरी एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन दाखवणारी चाचणी) मिथाइलच्या जागी, २.६ पीपीएमजवळ, बारीक पाच दातांची शिखरं उरतच होती. म्हणजे एक हायड्रोजन आणि दोन ड्युटेरियम असलेले रेणू शिल्लक.

वेळ वाढवून काही होत नाही, कारण हा समतोल आहे: ड्युटेरियम आत जातं तसा हायड्रोजन परतही येतो. बदलता येणाऱ्या हायड्रोजनच्या दहापट ड्युटेरियम एकदम घातलं, तर हिशोबाने ९१ टक्क्यांवर गाडी थांबते. तेवढंच जड पाणी पाच-पाच पट असं दोनदा वापरलं की ९७! त्यामुळे पहिलं पाणी वेगळं काढून ताजं जड पाणी आणि कोरडं कार्बोनेट घातलं. ती शिखरं जवळपास गेली. जड पाण्याच्या किमतीत ही काटकसर परवडते.

पुण्याच्या जुलैत हवेतली ओलसुद्धा हायड्रोजन परत देते. काचसामान ओव्हनमधून काढून नायट्रोजनखालीच थंड करा. बेस असेपर्यंत साधं पाणी लावायचं नाही. आधी तयार पदार्थ इथरमध्ये घ्या. जैवरसायनवाले खुणेसाठी कार्बन-१३ (कार्बनचं जड रूप) मागतात ते उगीच नाही, तो असा निसटत नाही.