पुशअप मोजणारी डबी घरी बनवा, पण शून्याचा घोळ आधी मिटवा

कोकणात पाऊस लागला की व्यायाम पडवीत येतो आणि आकडा मोजायचं काम मनगटातल्या घड्याळावर येतं. पुशअप मारताना पंजा जमिनीला टेकलेला असतो, मनगट जवळपास हलत नाही. घड्याळ मोजणार काय? छातीचं जमिनीपासूनचं अंतर मोजा, तेच खरं.

सामान: आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर (ऐकू न येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर काढणारा), ०.९६ इंची ओलेड डिस्प्ले, एक बझर. सेन्सरची ट्रिग पिन (आवाज सोडायचा इशारा) नॅनोच्या डी९ला, एको (प्रतिध्वनीचा इशारा) डी१०ला. डिस्प्लेच्या एसडीए, एससीएल तारा ए४, ए५ला. नॅनोऐवजी ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टचा बोर्ड वापरणार असाल तर एकोचे ५ व्होल्ट त्याच्या पिनला थेट देऊ नका, मध्ये १ आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा, व्होल्टेज उतरवणारा डिव्हायडर घाला. डबी जमिनीवर, सेन्सरचे डोळे वर, बरोबर छातीखाली. आखाड्यातले जोर काढत असाल तर छाती पुढे सरकते, तेव्हा डबी दोन्ही पंजांच्या रेषेत ठेवा.

इथवर कुणीही पोचतो. खरा त्रास पुढे आहे.

बहुतेक ठिकाणी सांगतात, ‘अंतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी झालं की एक वाढवा.’ हा सल्ला ऐकू नका. दमल्यावर छाती नेमकी त्या उंचीवर थरथरते आणि एका पुशअपचे तीन होतात. मर्यादा दोन हव्यात: १२ सेंटिमीटरच्या खाली गेलं की ‘खाली’, २८च्या वर आलं की ‘वर’. ‘खाली’ झाल्यावर ‘वर’ आलं तरच एक मोजायचा. मधल्या पट्ट्यात काहीही होवो, आकडा हलता कामा नये. हे आकडे माझ्या हातांच्या लांबीचे आहेत, तुमचे टेपने मोजून घाला.

तरीही डबी कुणी नसताना मोजत बसते, आणि ह्याने मला फार छळलं. कारण असं: ठरावीक वेळात प्रतिध्वनी आला नाही की पल्सइन हे वेळ मोजणारं आर्डुइनोचं फंक्शन शून्य परत देतं. कौलारू घरात छप्पर उतरतं असतं, आवाज त्यावर आपटून भलतीकडे जातो, बहुतेकदा परत येत नाही. म्हणजे वर कुणी नसलं की शून्य. आणि शून्य १२पेक्षा कमी, म्हणून प्रोग्राम समजतो छाती जमिनीला टेकली! मधेच एखादा प्रतिध्वनी परत आला की ‘वर’ समजून एक वाढतो. स्लॅबच्या घरात हा दोष लपून राहतो, म्हणून मुंबईत नीट चाललेली डबी गावी येऊन वेड्यासारखी वागते. लोक मग सेन्सर बदलतात. सेन्सर बिचारा ठीकच असतो.

उपाय: शून्य आला की तो फेकून द्या आणि आधीचीच स्थिती धरून ठेवा. पल्सइनचा टाइमआउट, म्हणजे वाट पाहायची मर्यादा, ३०,००० मायक्रोसेकंद द्या. न दिल्यास तो एक सेकंदापर्यंत वाट पाहतो आणि तेवढ्यात अर्धा पुशअप निसटतो. दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंद सोडा, म्हणजे जुना प्रतिध्वनी नव्यात मिसळत नाही. शेवटच्या तीन मापांतलं मधलं माप घ्या. सरासरी काढू नका, एकच वेडावाकडा आकडा ती बिघडवतो. ढगळ टी-शर्टही नको: लोंबणारं कापड अंतर कमी दाखवतं आणि मऊ कापड आवाज गिळतं. उघड्या अंगाने करा, नाहीतर घट्ट बनियन घाला.

एकूण आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) सेट संपल्यावरच लिहा, दर पुशअपला नको. एका जागेवर साधारण १,००,००० वेळाच लिहिता येतं.

वीज जातेच, म्हणून पॉवर बँक लावाल. पण ही डबी इतका कमी करंट ओढते की बऱ्याच पॉवर बँका काही लागलेलंच नाही असं समजून बंद पडतात. आधी दहा मिनिटं तपासा.

तारा नुसत्या खोचायच्या ब्रेडबोर्डवर हे कायमचं ठेवू नका. खारी हवा त्याचे पॉइंट खाते. झीरो बोर्डवर (छिद्रांच्या कोऱ्या पाटीवर) सोल्डर करा, सांध्यांवर नेलपॉलिश फिरवा, सेन्सरच्या जाळीला मात्र लावू नका. वापर नसेल तेव्हा डबी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.