थंडरबर्डला जंक मेल ओळखायला शिकवताना

लॉटरी लागल्याचे, कर्ज मंजूर झाल्याचे मेल आपण वैतागून डिलीट करतो आणि दुसऱ्या दिवशी तसलेच पुन्हा हजर. डिलीट केल्याने असे नको असलेले (जंक) मेल वेगळे काढणारा फिल्टर काहीच शिकत नाही. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमच्या फिल्टरला शिकता येतं, पण शिकवणी आपणच घ्यावी लागते.

आधी अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या खात्याखालचं 'जंक सेटिंग्ज' उघडा. अ‍ॅडॅप्टिव्ह, म्हणजे शिकत जाणाऱ्या, जंक फिल्टरवर टिक आहे ना, ते बघा. तिथेच अ‍ॅड्रेस बुकवरही टिक करा, म्हणजे त्यातल्या माणसांचे मेल आपोआप जंक ठरणार नाहीत. जंक मेल परस्पर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायचा पर्याय मात्र पहिले काही दिवस बंदच राहू द्या.

आता इनबॉक्समध्ये या. नको असलेला मेल निवडून कीबोर्डवर 'जे' दाबा. मेलच्या ओळीत छोटी ज्वाला दिसेल. चांगल्या मेलवर 'शिफ्ट' धरून 'जे' दाबा. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच घोळ होतो. फिल्टर शब्द मोजतो. समजा, 'लॉटरी' हा शब्द शंभर जंक मेलपैकी चाळीसात आला आणि शंभर चांगल्यांपैकी एकातच, तर तो शब्द असलेला मेल जंक असण्याची शक्यता सुमारे 98 टक्के. अशा बऱ्याच शब्दांचा हिशेब एकत्र करून निकाल लागतो. हे गणित अठराव्या शतकातले गणिती थॉमस बेझ यांचं. स्पॅम, म्हणजे जंक मेल, ओळखण्यासाठी ते लोकप्रिय केलं प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी, 2002 मध्ये. मी फक्त जंकच दाखवत गेलो होतो, त्यामुळे 'बिल', 'पेमेंट', 'अंतिम तारीख' हे बिचारे साधे शब्दही संशयित ठरले, आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल आठ दिवस जंकमध्ये पडून राहिलं. दंड भरला तो वेगळाच.

किती शिकवायचं? मेल सर्व्हरवर चालणारा स्पॅमअसॅसिन हा फिल्टर मूळ सेटिंगमध्ये 200 जंक आणि 200 चांगले मेल शिकल्याशिवाय हे गणित वापरतच नाही. घरच्या फिल्टरकडूनही दहा-वीस मेलांत फार अपेक्षा ठेवू नका. थोडं शिकवून झालं की टूल्स मेनूतून फोल्डरवर जंक तपासणी चालवा आणि चुका दुरुस्त करा. प्रत्येक दुरुस्ती हाही धडाच. निकाल पटायला लागले की हलवण्याचा पर्याय सुरू करा, पण आठवड्यातून एकदा जंक फोल्डर चाळाच.

आपणच कधीतरी नाव नोंदवलेल्या दुकानाच्या जाहिरातींवर 'जे' दाबू नका. उद्या त्याच दुकानाची पावती अडकेल. तिथे सरळ 'अनसब्स्क्राइब' करा. अनोळखी मेलमधल्या त्याच लिंकला मात्र हात लावू नका. तुमचा पत्ता चालू आहे, हे पाठवणाऱ्याला कळतं.

सगळंच बिघडलं, तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधून ट्रेनिंग डेटा रीसेट करता येतो. मग शिकवणी पहिल्यापासून. कॉम्प्युटर बदलताना थंडरबर्डचा जुना प्रोफाइल फोल्डर (त्यात आपले मेल आणि सेटिंग्ज असतात) अख्खा उचलून न्या; शिकलेलं सगळं त्यातल्या 'ट्रेनिंग डॉट डॅट' या फाइलमध्ये असतं.