दुसऱ्याचं पद चालू असताना

संगीत नाटकात मी सतराव्या वर्षी आले. आधी सखी, मग रुक्मिणी, मग बऱ्याच वर्षांनी सुभद्रा. हल्ली पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात तालमीला गेले की गाणं शिकणारी मुलंमुली भेटतात आणि विचारतात, ‘ताई, नाटकात यायचं तर किती पदं बसलेली हवीत?’ पदं बसतात हो. गळा तयार असेल तर एक पद आठवड्यात बसतं. दुसरा गात असताना रंगमंचावर उभं कसं राहायचं, ते शिकायला मला काही वर्षं लागली. आज लिहायचंय ते त्याबद्दलच.

‘सौभद्र’चा प्रयोग होता. मी रुक्मिणी. पहाट झाल्याचं रुक्मिणीला दाखवणारं कृष्णाचं पद तुम्हाला ठाऊक असेलच. त्या दिवशी कृष्णाचा गळा असा लागला होता की दोन वन्समोअर आले. पद दहा-बारा मिनिटं चाललं असेल. पहिल्या कडव्यापर्यंत मी ऐकत होते. मग हातातली एक बांगडी टोचायला लागली म्हणून ती सारखी केली, पदर नीट केला आणि पुढचं वाक्य मनात घोळवत उभी राहिले. आपल्याकडे कोण बघतंय, असं वाटलं.

प्रयोग संपल्यावर रंगपटात, म्हणजे रंगभूषेच्या खोलीत, कृष्णाचं काम करणारे ते ज्येष्ठ नट खोबरेल लावून तोंडावरचा रंग पुसत बसले होते. मला जवळ बसवलं आणि म्हणाले, “पोरी, मी तुझ्याकडे बघून गातो. तू मधेच निघून गेलीस. मग मला समोरच्या लोकांकडे बघून गावं लागलं, आणि त्याची मैफल झाली.” आवाज चढवला नाही, दुसऱ्या कुणापुढे बोललेही नाहीत. पुढच्या प्रयोगाआधी त्यांनी मला ते पद नुसतं वाचून दाखवलं. वारा सुटतो तिथे अंगावर काटा येऊ दे, दिव्याचं तेज मंद होतं तिथे दिव्याकडे बघ. वन्समोअर आला तर तेच परत करू नकोस, दुसऱ्यांदा ऐकताना माणूस जास्त आत जातो. त्यानंतर मी त्या पदातला शब्द न् शब्द पाठ केला. माझ्या स्वतःच्या पदांइतकाच.

म्हणून नव्या मुलांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की नाटकातली सगळ्यांची पदं पाठ करा. ताल कुठला, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा कुठे येते, गाणारा कुठल्या जागेवर थांबून श्वास घेतो, सगळं. ऑर्गनवाल्यांच्या मागे विंगेत उभं राहायला मिळालं तर सोडू नका. आधी व्यवस्थापकांना विचारा आणि येण्याजाण्याची वाट अडवू नका, एवढं पाळलं की कुणी हाकलत नाही. तिथून जे दिसतं ते खुर्चीतून दिसत नाही. पदाच्या आधीची दोन वाक्यं चालू असतानाच ऑर्गन बारीक सूर धरतो. मुरलेला नट शेवटचं वाक्य त्या सुराच्या आसपास आणून बोलतो, आणि बोलणं कधी संपलं, गाणं कधी सुरू झालं ते कळत नाही. नवा नट वाक्य संपवतो, थांबतो, घसा खाकरतो, सूर घेतो. तेवढ्यात नाटक तुटतं. घरी रियाजाला बसाल तेव्हा आधीच्या गद्यासकट पद म्हणा. नुसतं पद कधीच म्हणू नका.

थोरामोठ्यांच्या गोष्टी आम्ही अशाच रंगपटात ऐकल्या. बालगंधर्वांची 1911 सालची गोष्ट प्रत्येक संस्थेत सांगतात. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, 12 मार्च, मुंबई. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली, आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. वय अवघं बावीस. ही गोष्ट सांगून ‘काहीही झालं तरी प्रयोग झालाच पाहिजे’ असं नव्या पोरांवर लादणारे लोक मी पाहिलेत, आणि ते मला पटत नाही. घरात दुःख असेल तर सुट्टी मागा. मला त्यात भिडतं ते वेगळंच. भामिनी ही श्रीमंताघरची मानी, हसरी मुलगी. ती त्या दिवशी समोरच्याचं बोलणं कसं ऐकत असेल?

दुसरी गोष्ट 1921 ची. टिळक स्वराज्य फंडासाठी 8 जुलैला संयुक्त ‘मानापमान’ झालं. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन मालक, दोघांचेही चाहते जीव टाकणारे. अशा रात्री एकाचं पद रंगत असताना दुसऱ्याने नुसतं उभं राहून ऐकायचं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पुढच्या तीन महिन्यांत केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळराव देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक स्त्रीवेशातलं, एक पुरुषवेशातलं. पहिल्यांदा जाल तेव्हा तिकीट फाडून घाईने आत पळू नका. स्त्रीवेशातल्या चित्रापुढे जरा थांबा आणि नजर बघा.

पोटापाण्याचं थोडक्यात सांगते. नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळते, पण संगीत नाटकाचे प्रयोग आता मोजके, त्यावर घर चालत नाही. नोकरी किंवा शिकवण्या सोबत ठेवा, त्यात कमीपणा नाही. गायक-नट वसंतराव देशपांड्यांनी किती वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली. त्यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ 24 डिसेंबर 1967 ला आलं, तेव्हा ते 47 वर्षांचे होते. नोकरीमुळे संध्याकाळची तालीम चुकते, हे मात्र खरं. साहेबांशी आधीच बोलून ठेवा.

आणि पुण्याच्या प्रेक्षकाला घाबरू नका. 31 ऑक्टोबर 1880 ला ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक याच गावात झाले, तेव्हापासून इथल्या घराघरांत पदं मुरली आहेत. पहिल्या रांगेतल्या आजी तुमच्या आधी समेवर मान हलवतील. तुमची जागा हुकली तर त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. पण प्रयोगानंतर त्याच आत येऊन ‘अंतऱ्याला घाई केलीस गं’ असं सांगतात. खाली बसून ऐकून घ्या. मला अशा एका आजींनी एका पदाची जुनी चाल रंगपटातच म्हणून दाखवली होती.

नांदीला, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या स्तवनाला, सगळ्यांनी उभं राहायचं. तुमची एन्ट्री तिसऱ्या अंकात असली तरी. तिसरी घंटा व्हायच्या आत रंग, साडी, दागिने पूर्ण हवेत, आणि हातातल्या बांगड्या टोचत नाहीत ना, ते घरूनच बघून या.